भुरीचं तोंड आलं तेव्हा

हिरड्या सुजल्या, जिभेला फोड आले की आपण 'तोंड आलं' म्हणतो. माणसाचं तोंड आलं की तो सगळं घर डोक्यावर घेतो. तिखट नको, गरम नको, माझ्याकडे कुणाचं लक्षच नाही. मांजराचं तोंड येतं तेव्हा ते गुपचूप कोपऱ्यात जाऊन बसतं. हे मला कळायला दोन महिने लागले, आणि त्या दोन महिन्यांत मी आमच्या भुरीचं जे जे केलं त्यातलं निम्मं चुकीचं होतं. ते लपवून चांगलं तेवढंच लिहायचं असेल तर लिहूच नये. पुढे आसपासच्या गावांतून बाया पिशवीत मांजर घालून मला विचारायला येऊ लागल्या, त्यांना मी जे सांगत आले तेच इथे लिहिते आहे.

ताटलीपाशी

ऐंशी साल उलटून गेलं होतं. तुमसरात आमचं घर विणकरांचं. पुढच्या खोलीत माग, त्यावर आमचे हे बसायचे. मागच्या पडवीत मी चरखा फिरवून धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायची. घरात आणखी माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, आणि चार वर्षांची लेक बेबी. सुताला भाताची खळ लावावी लागते, आणि उंदरांना ती खळ फार आवडते. एकदा मागावरचा उभ्या सुताचा ताणा कुरतडला की आठ दिवसांची मेहनत पाण्यात. म्हणून विणकराच्या घरात मांजर हवंच. भुरी आमच्याकडे पिल्लू असताना आली आणि पाच वर्षं तिने उंदराला मागाच्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही.

त्या हिवाळ्यात तिची एक तऱ्हा सुरू झाली. भाताची ताटली ठेवली की धावत यायची, वास घ्यायची, एक घास तोंडात धरायची आणि ताटलीनेच तिला चावा घेतल्यासारखी फिस्कारून मागे उडी मारायची. मग दूर बसून ताटलीकडे बघत राहायची. मला वाटलं, नखरे. शेजारी कुठे मासळी खाऊन येते आणि आमच्या दूधभाताला नाक मुरडते. एकदा तर मी ताटली उचलली आणि म्हटलं, "नको ना? मग राहा उपाशी." ते वाक्य आजही आठवलं की मला माझीच लाज वाटते.

बाकीच्या खुणाही समोर होत्या. चाटून चाटून चकचकीत ठेवलेलं तिचं अंग मळकट दिसू लागलं, पाठीवरच्या केसांच्या गाठी झाल्या. एक पंजा सारखा गालाकडे जायचा. जवळ घेतलं की तोंडाला घाण वास. उंदीर खाल्ला असेल, असं मी म्हणायची. उत्तर तयारच असायचं माझ्याकडे.

मग तिची लाळ गळायला लागली.

बोभाटा

लाळ दिसली आणि गल्लीत बोभाटा झाला. समोरच्या वत्सलाबाई कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या.

"सुमन, तुमची मांजर पिसाळली वं. लाळ पाय तिची! घरात लेकरू हाये, तुले काई वाटते का नाई?"

"पिसाळलेलं जनावर असं मांडीवर येऊन बसते का?" मी म्हटलं.

"आज बसते, उद्या चावते."

यांनी मागावरून हे ऐकलं. यांचा एक चुलतभाऊ लहानपणी कुत्रं चावून गेला होता आणि ते यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे यांच्या भीतीला मी कधी हसले नाही. मागाचा धोटा हातात तसाच ठेवून हे म्हणाले, "उद्या पोत्यात घालून आंबागडाच्या जंगलात सोडून येतो. मारत नाई मी तिले. पन घरात नाई ठेवायची."

"जंगलात सोडणं आन मारणं, त्यात फरक काय हाये अजी? तिले ताटलीतलं खाता येऊन नाई राहिलं, तिथं काय शिकार करणार हाये?"

बोलता बोलता मलाच माझं वाक्य ऐकू आलं. खाता येऊन नाही राहिलं. खायचं नाही असं नव्हे, खाता येत नाही. त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं की हिला भूक आहे. दोन महिने ती रोज माझ्यासमोर भुकेली बसत होती.

मी हट्ट धरला. भुरीला पडवीतल्या सरपणाच्या खोलीत ठेवायचं, बेबीने तिकडे फिरकायचं नाही, आणि तोवर कुणी पोत्याचं नाव काढायचं नाही. पण पोतं दाराशी काढून ठेवलेलं मी पाहिलं.

माझं बोट

आता जे लिहायचं ते लिहायला जिवावर येतं.

आमच्या भागात बायका गुडाखू लावतात. तंबाखू आणि गुळाचं काळं, दाट मिश्रण, डबीत मिळतं. सकाळी उठलं की बोटावर घेऊन हिरड्यांना चोळायचं आणि चूळ भरेपर्यंत भिंतीला टेकून बसायचं. आत्याबाई लावायच्या, वत्सलाबाई लावायच्या, लग्न होऊन आल्यावर वर्षभरात मीही लावायला लागले. दाढ दुखली, हिरडी सुजली तर आमच्याकडे औषध एकच, तिथे जरा जास्त गुडाखू दाबून ठेवायचा. हिरडी बधिर होते आणि दुखणं थांबल्यासारखं वाटतं.

मी भुरीला मांडीत घेतलं, ओठ वर केला. हिरड्या लाल, सुजलेल्या दिसल्या. तोंडच आलंय की हिचं! इतका आनंद झाला मला. पिसाळली नाही, साधं तोंड आलंय, आणि त्यावरचं औषध तर माझ्या फळीवरच होतं. मी डबी काढली आणि वाटाण्याएवढा गुडाखू बोटाने तिच्या हिरडीवर चोळला.

आत्याबाईंनी सांगितलं असतं तर दोष त्यांच्यावर ढकलता आला असता. पण त्यांनी सांगितलं नव्हतं. बोट माझं होतं.

पाच मिनिटंही झाली नसतील. तिच्या तोंडातून फेस यायला लागला. ओकली. उठून दोन पावलं चालली आणि मागचे पाय एकमेकांत अडकून पडली. सगळं अंग थरथरत होतं. माझ्या किंचाळण्याने हे धावत आले आणि दारातच थिजले.

"मी काय म्हणलो होतो! फेस पाय तिचा. सर बाजूले, हात लावू नोको!"

मागून आत्याबाई आल्या. त्यांनी भुरीकडे पाहिलं, मग माझ्या काळ्या बोटाकडे पाहिलं.

"पिसाळली नाई ते," त्या मुलाला म्हणाल्या. "या शहानीनं तिले गुडाखू लावला. पहिल्यांदा लावला तवा मीबी अशीच पडली होती. पानी आन बाप्पा, पाहत काय उभा राहिला?"

ओल्या फडक्याने त्यांनी भुरीची हिरडी पुसली, पुन्हा फडकं पिळलं, पुन्हा पुसली. सासू-सून म्हणून आमचं फारसं कधी जमलं नाही. पण त्या दुपारी त्या जमिनीवर बसून फडकं पिळत होत्या आणि मला एक शब्द बोलल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

भुरीला टोपलीत घालून, वर लुगड्याचा तुकडा बांधून मी निघाले.

ढोरांचा दवाखाना

जनावरांच्या दवाखान्याला गावात ढोरांचा दवाखाना म्हणतात, कारण तिथे ढोरंच येतात. अंगणात लाकडी खोडा, त्यात एक बैल अडकवलेला, आणि त्याच्या पायाला पट्टी बांधत असलेले डॉक्टर. माझ्या टोपलीकडे बघून बैलवाला शेतकरी हसला. "मांजर? बाई, मांजरीले कोनी दवाखान्यात आनते का?" मी म्हटलं, "मी आणते." आणि बैलाच्या पाठोपाठ नंबर लावून उभी राहिले.

डॉक्टरांनी जाड हातमोजे घातले, भुरीला पोत्यात गळ्यापर्यंत गुंडाळून टेबलावर घेतलं आणि बॅटरीच्या उजेडात तोंड पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बाई, इकडे या. हे बघा."

हिरड्या मी पाहिल्या होत्या. पण त्यांच्या मागे, जबडा जिथे मिटतो तिथे, मांस लालबुंद होऊन वर आलं होतं, साल निघाल्यासारखं ओलं. दाढांवर पिवळं कीटण. एवढ्या जागेत एवढं दुखणं मावतं हे मला खरं वाटेना.

"तोंड आलंय हिचं," डॉक्टर म्हणाले. "नुसतं हिरड्यांना नाही, पार घशापर्यंत. हिला जांभई देतानाही दुखत असणार. केव्हापासून धड खात नाही?"

"दोन महिने झाले असतील."

"आणि आज काय लावलं?"

मी सांगितलं. त्यांनी बॅटरी खाली ठेवली.

"तंबाखू मांजराला विष आहे. थोडा आणखी लावला असता तर तुम्ही टोपली घेऊन आलाच नसता. आपल्या तोंडाचं औषध जनावराच्या तोंडाला लावायचं नसतं."

मी रडले. शेतकरी त्याचा बैल घेऊन दूर जाऊन उभा राहिला, तेवढी माणुसकी त्याने दाखवली.

पिसाळण्याची लक्षणं दिसत नाहीत, तरी दहा दिवस वेगळं ठेवा, तोंडात उघडं बोट घालू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. इंजेक्शन दिलं. गोळ्या दिल्या. खाणं पातळ, कोमट, बिनमिठाचं. निघताना म्हणाले, "हे पुन्हा पुन्हा येणारं दुखणं आहे, बाई. धीर ठेवावा लागेल." धीर माझ्याकडे कधीच नव्हता. हट्ट मात्र होता, आणि मी ठरवलं की त्याच्यावरच भागवायचं.

चमचा

रोजचा क्रम असा. सकाळी मऊ भात आणि काटे काढलेली मासळी पाट्यावर वाटायची, कोमट पाण्यात कालवायची. भुरीला जुन्या लुगड्यात पंजे आत घेऊन गुंडाळायचं, कारण दुखलं की ती ओरबाडायची. गोळी चुरून पहिल्या घासात. मग चमच्याची कड ओठाच्या बाजूला लावायची आणि थांबायचं. ओतायचं नाही. ती चाटेल तेवढंच. असं दिवसातून चार वेळा. माझ्या हातांवर ओरखडे, कांड्या भरायच्या राहून जायच्या, आणि मागावर कांडी संपली की यांचा आवाज, "झालं का मांजरीचं बाळंतपन?"

दहा दिवस सरले. भुरी चावली नाही, मेली नाही. अकराव्या दिवशी दाराजवळचं पोतं कुणीतरी उचलून ठेवलं होतं.

दर रविवारी मी तिला सूत तोलायच्या काट्यावर ठेवायची. ती एका पारड्यात, दुसऱ्या पारड्यात वजनं. ती पारड्यात मुकाट बसायची, तेवढी अशक्त होती. तिसऱ्या रविवारी काटा तिच्या बाजूला झुकला आणि मला छटाकभराचं वजन जास्त टाकावं लागलं. मी ओरडून आत्याबाईंना बोलावलं. त्या आल्या, काटा पाहिला आणि म्हणाल्या, "पारड्याले सूत चिकटलं असन, पुसून पाय." मी पुसून पुन्हा तोललं. छटाक खरा होता.

आत्याबाईंचा सोमवारचा उपास असायचा, त्या दिवशी त्या मासळीला शिवायच्या नाहीत. एका सोमवारी मला ताप भरला. दुपारी डोळे उघडले तर पाट्याचा आवाज. त्या तोंड फिरवून, नाकाला पदर लावून मासळी वाटत होत्या. नंतर त्यांनी पुन्हा आंघोळ केली. पुढे त्या गोष्टीचा उल्लेख केला की म्हणायच्या, "मी नाई बा, तुले तापात भास झाला."

पुन्हा

डॉक्टरांनी सांगितलंच होतं, तरी मी ऐकलं नव्हतं. दोन महिने बरे गेले. मग एका सकाळी भुरी ताटलीपाशी आली, घास धरला आणि फिस्कारून मागे उडाली.

मी तिथेच खाली बसले. सुरुवातीची भीती वेगळी असते, तेव्हा काय होणार ते माहीत नसतं. या वेळी मला सगळं माहीत होतं. चमचा, लुगडं, ओरखडे, काटा. पुन्हा इंजेक्शन झालं, पुन्हा थोडी सुधारली, महिन्याभरात पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, "माझ्याकडे एवढंच आहे. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात न्या. दाढा काढाव्या लागतील. कीटण साचायला जागाच राहिली नाही, तर सूज उतरेल. बहुतेक उतरते."

"बहुतेक?"

"बहुतेक. बेशुद्ध करावं लागेल. अशक्त आहे ती, तोही धोका आहे."

घरी सांगितल्यावर हे चिडले. "दाढा काढल्यावर ते मांजर कोन्या कामाची? उंदीर कशी धरणार हाये?"

मला इतक्या दिवसांचा राग आला. म्हटलं, "तुमच्या मायच्या तोंडातबी एक दात नाई. मंग त्यायले कोन्या जंगलात सोडून येऊ?"

सासूसमोर असं बोलायची माझी ती पहिलीच वेळ. चुलीपाशी आत्याबाई बसल्या होत्या. त्यांचे खांदे हलताना दिसले आणि मला वाटलं, रडताहेत. त्या हसत होत्या. बोळकं उघडून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या.

"बरोबर बोलली," त्या मुलाला म्हणाल्या. "मी उंदीर धरतो का तुया घरचे? तरी जेवाले देते ना मले? जा, घेऊन जा तिले नागपूरले."

यांनी डोक्याला हात लावला. पण दुसऱ्या दिवशी टोपलीला नवी दोरी यांनीच बांधली.

नागपूर

तुमसर रोड स्टेशनवरून सकाळची गाडी. टोपली यांच्या मांडीवर, वरून माझा पदर. डब्यात कुणी विचारलं, टोपलीत काय, तर हे म्हणाले, "कोंबडी." मांजर घेऊन नागपूरला निघालो हे सांगायला यांना लाज वाटत होती. तेवढ्यात कोंबडी म्यांव म्हणाली आणि सगळा बाक हसला. हेही हसले. कित्येक महिन्यांनी हसलेले पाहिले मी.

मोठ्या दवाखान्यात एक तरुण बाई डॉक्टर होत्या. बोलायला मऊ, पण हात पक्का. त्यांनी वजन केलं, तोंड पाहिलं आणि लपवाछपवी न करता सांगितलं, "वाचेल असं मला वाटतं. वचन देत नाही." मग भुरीला आत नेलं आणि दार लागलं.

हे चहा घेऊन येतो म्हणून गेले. मी बाकावर बसले. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मनात एकच चालू होतं. आपण तिला विचारलं नाही. तिला जंगलात सोडू दिलं नाही, ते आपल्यासाठी की तिच्यासाठी? इतके महिने चमचा लावून जगवलं ते तिचं दुखणं लांबवायला का? कुणाजवळ तरी बोलावं म्हणून उठले, तर हे कुठे चहाला गेलेच नव्हते. व्हरांड्याच्या खांबामागे, दाराकडे तोंड करून उभे होते.

"मेली तर मले सांगू नोको," हे म्हणाले. "आधी तूच जा आत."

ती मेली नाही. टेबलावर जीभ बाहेर काढून पडली होती, डोळे उघडे पण कुठेच न बघणारे. शेजारी वाडग्यात तिच्या दाढा. तांदळाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या असतील. एवढ्याशा वस्तूंनी आमच्या घराला इतके महिने राबवलं होतं.

दुसऱ्या कुणाच्या घरी असं झालं तर

मांजर ताटलीकडे येऊन मागे फिरत असेल तर त्याला नखरेल म्हणू नका, तोंडाचा वास घ्या. अंग चाटायचं सोडलं, पंजा गालाशी जातो, लाळ गळते, हे सगळं त्याचं बोलणं आहे. लाळ पाहून घाबरा, तेही बरोबर आहे, लेकरांना दूर ठेवा, बोट तोंडात घालू नका. पण घाबरून पोतं काढण्याआधी डॉक्टरांकडे न्या. गुडाखू, तुरटी, हळद, आपल्याला लागू पडलेलं काहीही लावू नका. डॉक्टर बैलांचे असले तरी चालतील, आमचे बैलांचेच होते. आणि एकदा बरं वाटलं की संपलं असं समजू नका. भुरीच्या हिरड्या नंतरही पावसाळ्यात थोड्या लाल व्हायच्या, तेव्हा आठवडाभर पातळ खाणं आणि गोळ्या. संपूर्ण बरं होणं तिच्या नशिबात नव्हतं. पोटभर खाता येणं होतं, आणि आम्हाला तेवढंच हवं होतं.

दोन झिंगे

नागपूरहून आल्यावर चार दिवस ती फक्त पाणी आणि चमच्याने पातळ पेज घेत होती. मी रोज चमचा लावायची, ती तोंड फिरवायची. चौथ्या दिवशी संध्याकाळी तिने चमचा चाटलाही नाही. आता दाढा नाहीत, दुखायला काही उरलं नाही, मग का खात नाही? यांनी जेवताना ताट बाजूला सारलं.

पाचव्या दिवशी दुपारी मी पडवीत झिंगे सोलत बसले होते. भुरी चरख्यापाशी पडलेली. मी तिच्याकडे बघायचंही टाळत होते, कारण बघितलं की हातातलं काम सुटायचं. सोललेल्या झिंग्यांची ताटली माझ्या उजव्या हाताला होती. एकदम काहीतरी हललं. बघते तर भुरी ताटलीत तोंड घालून उभी. तिने एक झिंगा उचलला आणि मी वाट बघत राहिले, आता फिस्कारेल, आता मागे उडी मारेल. तिने मान वाकडी केली, झिंगा गिळला, आणि दुसरा उचलून माझ्यावर गुरगुरत सरपणाच्या खोलीकडे पळाली.

"अजी!" मी जिवाच्या आकांताने ओरडले. "आत्याबाई! लवकर या! मांजरीनं झिंगे चोरले!"

माग थांबला. हे धोटा हातात घेऊनच धावले. मागून आत्याबाई, त्यांच्या मागे बेबी. समोरच्या वत्सलाबाईही दारातून डोकावल्या. आतून गुरगुरण्याचा आणि चपचप खाण्याचा आवाज येत होता. आम्ही सगळे दाराबाहेर उभे राहून तो ऐकत होतो.

"किती नेले?" आत्याबाईंनी कुजबुजत विचारलं.

"दोन."

"आन तू पाहत बसली?"

"हो."

"मंग अजून पाय," त्या म्हणाल्या, आणि वाकून उरलेली ताटली त्यांनी दाराच्या आत सरकवली.